गूगल कॅलेंडरमधल्या अमेरिकी सुट्ट्या : तारीख कळते, कुलूप कुठे लागलंय ते कळत नाही

काय तपासलं : गूगल कॅलेंडरमध्ये फुकट मिळणारं ‘हॉलिडेज इन युनायटेड स्टेट्स’ हे सुट्ट्यांचं कॅलेंडर.
कुणासाठी : सांगली-मिरजेत बसून अमेरिकेशी काम, पैसा किंवा नातं ठेवणाऱ्यांसाठी.
गुण : पाचपैकी साडेतीन. अर्धा तास खर्चून नीट लावून घेतलं तर चार.

मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, विश्रामबागेत घरी बसून अमेरिकन कंपनीचं बिलिंग करणारी मुलगी आणि न्यू जर्सीत लेक असलेले निवृत्त मास्तर, या तिघांना एकाच गोष्टीची गरज असते : तिकडे आज कोण जागेवर आहे? भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टी सापडते, अमावस्या सापडते. कोलंबस डे सापडत नाही. मग फोनमधलं गूगल कॅलेंडर हाच पहिला आधार. ते कुठे पुरतं आणि कुठे कमी पडतं, याचा हा पडताळा.

आधी लावायचं कसं ते. लॅपटॉपवर गूगल कॅलेंडर उघडा. डाव्या बाजूला ‘अदर कॅलेंडर्स’समोरचं अधिकचं चिन्ह दाबा, ‘ब्राउज कॅलेंडर्स ऑफ इंटरेस्ट’मध्ये जा आणि देशांच्या यादीतून युनायटेड स्टेट्ससमोर खूण करा. मोबाइल अ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग हॉलिडेज. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. पण थांबू नका, कारण या कॅलेंडरला मुळात सूचना लावलेली नसते. दिवसाच्या डोक्यावर एक रंगीत पट्टी दिसते आणि तेवढंच. लॅपटॉपवर त्याच कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये खाली ‘ऑल-डे इव्हेंट नोटिफिकेशन्स’ आहे. तिथे दोन सूचना टाका : एक आठवडा आधी सकाळी दहाची, दुसरी आदल्या दिवशीची. पहिली माल-पैशासाठी, दुसरी फोन-मीटिंगसाठी. एक दिवस आधी कळून कंटेनरचे कागद हलत नसतात.

सेटिंग्जमध्ये आणखी एक निवड आहे : फक्त सार्वजनिक सुट्ट्या, की सुट्ट्यांसोबत इतर दिनविशेषही. दुसरा पर्याय ठेवला की हॅलोविन, मदर्स डे, टॅक्स डे अशा नोंदींची भर पडते आणि महिना भरल्यासारखा वाटतो. यातल्या बऱ्याच दिवशी तिकडे काहीही बंद नसतं. हॅलोविनला पोरं संध्याकाळी वेश बदलून दारोदार चॉकलेटं मागतात, पण ऑफिस, बँक, टपाल सगळं चालू. तरीही हाच पर्याय ठेवावा. कारण घड्याळ पुढे-मागे करण्याचे दोन दिवस, म्हणजे मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्यातच दिसतात. सांगलीकराला ते सुट्टीइतकेच महत्त्वाचे. शंका आली तर नोंदीवर बोट ठेवा : खाली ‘पब्लिक हॉलिडे’ लिहिलंय की ‘ऑब्झर्व्हन्स’ (नुसता दिनविशेष), ते बघा. ऑब्झर्व्हन्स असेल तर बिनधास्त फोन लावा.

यादीचा दर्जा चांगला आहे. माहिती टाइम-अँड-डेट या संकेतस्थळाकडून येते. २०२४च्या मध्यापासून गूगलने हाताने भरलेले सांस्कृतिक दिनविशेष काढून टाकले आणि सार्वजनिक सुट्ट्या व राष्ट्रीय दिनविशेष एवढंच ठेवलं. त्यावरून तिकडे बरीच ओरड झाली. आपल्या कामापुरतं बघायचं तर गर्दी कमी झाली, हे बरंच.

आता खरी अडचण. अमेरिकेत ‘राष्ट्रीय सुट्टी’ अशी चीजच नाही. संसदेने कायद्याने ठरवलेल्या ११ फेडरल सुट्ट्या आहेत आणि त्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना लागू. राज्यं आपापलं ठरवतात. खासगी कंपनीने सुट्टी द्यावीच अशी सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही. नवं वर्ष, मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस या सहा सुट्ट्या बहुतेक कंपन्या देतात. उरलेल्या पाच, म्हणजे जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिवस, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, जूनटीन्थ, कोलंबस डे आणि व्हेटरन्स डे, कंपनीगणिक बदलतात. या पाच दिवशी मालाचा खरेदीदार ऑफिसात असतो आणि त्याची बँक बंद असते. तो मेलला उत्तर देतो, ‘पाठवतो’ म्हणतो आणि पैसे येत नाहीत. खोटं कुणीच बोललेलं नसतं. कॅलेंडरमधली पट्टी मात्र ख्रिसमसला जशी, तशीच कोलंबस डेला. साडेतीन गुणांवर अडलं ते इथे.

शनिवारी आलेली सुट्टी हा याचा सगळ्यात चांगला नमुना. २०२६चा ४ जुलै शनिवारी. नियम असा की शनिवारची सुट्टी सरकारी नोकरांना आदल्या शुक्रवारी मिळते. त्यामुळे कॅलेंडरमध्ये ३ जुलैला ‘डे ऑफ फॉर इंडिपेन्डन्स डे’ अशी वेगळी नोंद दिसते. वाचणारा समजतो, शुक्रवारी सगळं बंद. तसं नाही. सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद. न्यूयॉर्कचा शेअर बाजार शुक्रवारी बंद. पण फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तिकडची मध्यवर्ती बँक, शनिवारची सुट्टी अलीकडे ओढत नाही, त्यामुळे बँकांमधले डॉलर फिरवणारी फेडवायर यंत्रणा शुक्रवारी चालू. आणि टपालवाला शुक्रवारी पत्रं वाटतो, शनिवारी वाटत नाही. एकच स्वातंत्र्यदिन, चार खात्यांचे वेगवेगळे हिशोब. ‘३ तारखेला सुट्टी आहे’ म्हणून खरेदीदाराने पेमेंट सोमवारवर ढकललं, तर ‘फेडवायर शुक्रवारी चालू आहे’ एवढं एक वाक्य नम्रपणे लिहून पाठवायला हरकत नाही. सुट्टी रविवारी आली तर मात्र भांडण नाही : सगळे सोमवारी बंद.

दुसरा दोष वेळेचा. सुट्टीची नोंद ‘पूर्ण दिवसा’ची असते आणि पूर्ण दिवसाच्या नोंदीला घड्याळ कळत नाही. २६ नोव्हेंबरची थँक्सगिव्हिंग सांगलीतल्या फोनवर बुधवार रात्री १२ ते गुरुवार रात्री १२ अशीच दिसते. प्रत्यक्षात नोव्हेंबरात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. आपल्याकडे गुरुवारी सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा तिथे बुधवारच्या रात्रीचे साडेअकरा. त्यांचा गुरुवारचा नऊ ते पाच म्हणजे आपला गुरुवार संध्याकाळ साडेसात ते शुक्रवार पहाट साडेतीन. म्हणजे गुरुवारी दिवसभर मार्केट यार्डात काही बिघडत नाही. बुधवारी रात्री त्यांनी पाठवलेली उत्तरं सकाळी पेटीत असतात. रिकामी पेटी दिसते ती शुक्रवारी सकाळी. सुट्टीची पट्टी एक खण पुढे सरकवून वाचायची, हा साधा नियम. कॅलिफोर्निया आणखी तीन तास मागे, तिथल्या खरेदीदाराला तर हे जास्तच लागू.

घड्याळाच्या बदलाचं गणितही इथेच सांगून टाकलेलं बरं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. २०२६ मध्ये हा बदल ८ मार्चला आणि १ नोव्हेंबरला. तिकडची सकाळी ११ची साप्ताहिक मीटिंग ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री साडेआठला, नोव्हेंबरात साडेनऊला. मीटिंग त्यांनी त्यांच्या वेळेत लावली असेल तर कॅलेंडर आपली वेळ आपोआप सरकवतं. आपण भारतीय वेळेत लावली असेल तर त्यांची सरकते, आणि त्यांच्या दहाच्या दुसऱ्या मीटिंगवर जाऊन आदळते. म्हणून अमेरिकेसोबतची कुठलीही कायमची मीटिंग बनवताना वेळेचा पट्टा न्यूयॉर्कचाच निवडावा. शेअर बाजारात हात घालणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं : बाजार उघडतो उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला, हिवाळ्यात आठला. त्याची सुट्टीची यादीही वेगळी आहे. कोलंबस डे आणि व्हेटरन्स डेला बँका बंद, बाजार चालू. गुड फ्रायडेला उलट : ती फेडरल सुट्टी नाही, बँका चालू, बाजार बंद.

गूगलची ही यादी फक्त वाचायची असते. एकही नोंद बदलता येत नाही, खोडता येत नाही. शिवाय या नोंदी वेळ अडवत नाहीत. कुणी तुमच्याकडून मीटिंगची वेळ घेत असेल तर थँक्सगिव्हिंगच्या रात्रीही तुम्ही ‘मोकळे’ दिसता. यावर उपाय एकच : शेजारी स्वतःचं दुसरं कॅलेंडर बनवा. नाव द्या ‘अमेरिका बंद’. त्यात फक्त आपल्याला बाधणारे दिवस भरा, ‘बिझी’ अशी खूण करा आणि नोंदीच्या मजकुरात काय बंद ते लिहा : बँक, टपाल, कस्टम्स, खरेदीदार.

हे भरताना एक बारीक खड्डा आहे, आणि त्यात पडणारे पुढच्या वर्षी पस्तावतात. ११ सुट्ट्यांपैकी पाच ठरलेल्या तारखेच्या : १ जानेवारी, १९ जून, ४ जुलै, ११ नोव्हेंबर, २५ डिसेंबर. त्यांना ‘दरवर्षी’ लावलं की झालं. पाच सोमवारच्या, एक गुरुवारची. त्यांना ‘दरवर्षी’ लावलं तर कॅलेंडर तारीख धरून बसतं आणि पुढच्या वर्षी सुट्टी भलत्याच वारी पडते. ‘कस्टम’मध्ये जाऊन दर १२ महिन्यांनी असं लिहा आणि खालच्या यादीतून ‘चौथ्या गुरुवारी’ निवडा. आता गंमत बघा. २६ नोव्हेंबर २०२६ हा महिन्याचा चौथाही गुरुवार आहे आणि शेवटचाही. यादीत दोन्ही पर्याय दिसतात. थँक्सगिव्हिंगला ‘चौथा’च घ्यायचा. ‘शेवटचा’ घेतलात तर २०२८ साली, जेव्हा नोव्हेंबरात पाच गुरुवार येतात, तुमची नोंद २३ ऐवजी ३० तारखेला जाईल. मेमोरियल डेला नेमकं उलट : कायद्यात ‘मे महिन्याचा शेवटचा सोमवार’ आहे. २५ मे २०२६ हा चौथाही आहे, शेवटचाही. पण २०२७ च्या मे महिन्यात पाच सोमवार, सुट्टी ३१ तारखेला. ‘चौथा’ निवडणाऱ्याच्या फोनवर ती २४ लाच वाजेल.

चौथा की शेवटचा, हा घोळ मुळात अमेरिकेनेच घातलेला. लिंकनने १८६३ मध्ये थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी जाहीर केली आणि पुढे तोच प्रघात पडला. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदारांनी गळ घातली आणि रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. त्या काळात देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाल्या. आपल्याकडे दोन पंचांगांत एकादशी वेगळ्या दिवशी येते, तसाच प्रकार. शेवटी १९४१ मध्ये संसदेने ‘चौथा गुरुवार’ कायद्यात घातला. गूगलच्या त्या दोन ओळींत हे सगळं भांडण जपून ठेवलंय म्हणायचं.

सोमवारच्या सुट्ट्यांमागेही कायदा आहे. १९६८ मध्ये संसदेने जोडून सुट्टी मिळावी म्हणून काही सुट्ट्या सोमवारवर नेल्या आणि १९७१ पासून ते लागू झालं. मेमोरियल डे ३० मे सोडून सोमवारला बांधला गेला. वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारीचा. सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी आणि तो १५ ते २१ मध्येच येतो, म्हणजे त्याच्या वाढदिवसाची सुट्टी त्याच्या वाढदिवशी कधीच येत नाही. कॅलेंडरमध्ये ती ‘प्रेसिडेंट्स डे’ म्हणून दिसते, कायद्यात आजही ‘वॉशिंग्टन्स बर्थडे’ आहे. व्हेटरन्स डेही ऑक्टोबरच्या सोमवारवर नेला होता. पण ११ नोव्हेंबर ही पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची तारीख; माजी सैनिकांना ते रुचलं नाही आणि १९७८ पासून ती मूळ जागी परत आली. अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ म्हणणाऱ्या सातारा जिल्ह्याला यातलं काही समजावून सांगायला नको.

यावरून शुभेच्छांचा मुद्दा. कॅलेंडर नाव देतं, भाव देत नाही. पट्टी दिसली की ‘हॅपी’ लावून मेसेज धाडायची आपल्याला सवय. मेमोरियल डेला ते करू नये. तो लढाईत गेलेल्यांचा दिवस. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत प्रत्येक थडग्याशी छोटा झेंडा रोवतात, झेंडा दुपारपर्यंत अर्ध्यावर ठेवून मग वर चढवतात. आता हेही खरं की त्याच शनिवार-रविवारी लोक परसात ग्रिल पेटवतात आणि उन्हाळा सुरू झाला म्हणतात, इंडियानापोलिसला मोटारींची शर्यत होते. पण समोरच्या घरातलं कोण गेलंय ते आपल्याला माहीत नसतं. ‘सुट्टी शांततेत जावो’ एवढं पुरे. व्हेटरन्स डे सगळ्या माजी सैनिकांचा, हयात असलेल्यांचाही. तिथे आभार मानणं योग्य. कोलंबस डेला, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, काही राज्यं मूळ रहिवाशांचा दिवस पाळतात. तिथे शुभेच्छाच न देणं उत्तम. जूनटीन्थ म्हणजे १९ जून १८६५, टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला तो दिवस. फेडरल सुट्टी झाली २०२१ मध्ये, त्यामुळे जुन्या छापील याद्यांत ती सापडतच नाही. डिसेंबरात धर्म माहीत नसेल तर ‘हॅपी हॉलिडेज’.

लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार. १८९४ पासून कायद्यात. १ मेचा कामगार दिन शिकागोतल्या १८८६ च्या आंदोलनातून जगभर गेला, खुद्द अमेरिकेत मात्र त्या दिवशी सुट्टी नाही. आपलं मार्केट महाराष्ट्र दिनाला बंद असतं, तिकडचा खरेदीदार कामावर असतो आणि उत्तराची वाट बघतो. त्याला एप्रिलच्या शेवटी कळवायला हवं. गूगलमध्ये भारताच्या सुट्ट्यांचंही कॅलेंडर आहे. त्यालाही ते जोडून घ्यायला सांगा. एकतर्फी जुळवून घेण्यात अर्थ नाही.

थँक्सगिव्हिंगवर जरा थांबायला हवं, कारण कॅलेंडर जिला एक खण देतं ती सुट्टी प्रत्यक्षात आठवडा खाते. कारण स्वयंपाकघरात आहे. घरोघर गोठवलेली अख्खी टर्की आणतात, चांगली पंधरा पाउंडांची, म्हणजे जवळजवळ सात किलोची. ती बाहेर ओट्यावर ठेवून वितळवायची नसते. वरचं मांस उबदार होऊन खराब होतं आणि आत बर्फ तसाच राहतो. फ्रीजमध्ये दर चार-पाच पाउंडांना २४ तास असा हिशोब. पंधरा पाउंडाला तीन-चार दिवस, म्हणजे रविवारी ती फ्रीझरमधून फ्रीजमध्ये यायला हवी. वितळलेल्या पाण्याने बाकीचं अन्न बाटू नये म्हणून खोल परातीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात. गुरुवारी सकाळी भट्टीत. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता तापमापक खुपसून १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस दिसल्याशिवाय बाहेर काढायची नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचा हमखास फजितवाडा म्हणजे बाहेरून सोनेरी, आतून कच्ची. कारण एकच, पुरती वितळलेली नसते. बटरबॉल ही टर्की विकणारी कंपनी १९८१ पासून फोनवर मदत देते, इतका हा प्रश्न घरोघरचा. सोबत क्रॅनबेरीची चटणी, बटाट्याचा लगदा, पावाचं सारण, शेवटी भोपळ्याचा ‘पम्पकिन पाय’ हा गोड पदार्थ. न्यूयॉर्कला मेसीज दुकानाची मिरवणूक निघते, १९२४ पासून. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल, त्यात डेट्रॉइटचा संघ ठरलेला. आणि मंगळवार-बुधवारी अख्खा देश विमानतळावर नाहीतर हमरस्त्यावर. दिवाळीच्या आधी पुण्याहून सांगलीकडे येणाऱ्या गाड्या आठवा.

म्हणून सोमवारी नोव्हेंबरचं बिल पाठवून ‘या आठवड्यात भागवा’ म्हणणं फुकट. शुक्रवारी बँक उघडी असते, पण सही करणारा माणूस नसतो. शेअर बाजारही दुपारी एकला आटोपतो. इथे आपल्याकडची एक मेख गूगल दोन्ही देशांची कॅलेंडरं लावूनही दाखवत नाही : भारतातले बँकांचे दुसरे-चौथे शनिवार. चौथा गुरुवार २२ ते २६ मध्ये आला की त्याच्या पाठोपाठचा शनिवार चौथाच असतो. २०२६ मध्ये २६ ला थँक्सगिव्हिंग, २८ ला आपली बँक बंद, २९ ला रविवार. बुधवारी रात्री पैसे निघाले नाहीत तर ३० च्या सोमवारशिवाय खात्यात दिसायचे नाहीत, आणि महिनाअखेरीचे हप्ते तर दारात. बिल १६ नोव्हेंबरच्या आठवड्यातच भागेल अशी मुदत आधी ठरवून घ्यावी. त्याच्या आदल्या पंधरवड्यात आपलीच दिवाळी : ८ तारखेला लक्ष्मीपूजन, आणि आपण पुन्हा कामाला बसेपर्यंत बुधवारी ११ ला त्यांचा व्हेटरन्स डे. नोव्हेंबर २०२६ मध्ये दिवाळीनंतर दोन्ही बाजू पूर्ण उघड्या असा सलग आठवडा शोधला तर तो १६ चाच निघतो. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये कायदा करून २०२६ पासून दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत घेतलं, पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये दिवाळीला मान्यता दिली. पण त्या जोरावर तिथला खरेदीदार दिवाळीला घरी असेल असं धरू नका. फेडरल यादीत दिवाळी नाही.

हळदीचा कंटेनर पाठवणाऱ्यांसाठी दोन ओळी. अन्नपदार्थ समुद्रमार्गे जात असतील तर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याला माल बंदरावर पोचण्याआधी किमान ८ तास आगाऊ सूचना लागते, विमानाने ४ तास. ही नोंद ऑनलाइन होते, तिला सुट्टी आडवी येत नाही. आडवी येते तपासणी : माल पाहणीसाठी थांबवला आणि सोमवार सुट्टीचा असला, तर बंदरातले दिवस वाढतात. फुकट ठेवण्याच्या दिवसांत सुट्ट्या धरतात की वगळतात, हे जहाज कंपनीच्या करारात असतं. ते वाचून ‘अमेरिका बंद’ कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावं.

लेकीला डबा-पार्सल पाठवणाऱ्यांनी एवढं बघावं : टपालखातं ११ ही सुट्ट्या पाळतं, खासगी कुरिअरच्या याद्या छोट्या असतात. कोलंबस डेला टपाल बंद, पण यूपीएस चालू. आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची जकातमाफी बंद झाली, तेव्हा पार्सलवर खरी किंमत आणि आतल्या वस्तूंची नावं नीट लिहा. साताऱ्याचे कंदी पेढे दुधाचे. दुधाच्या पदार्थांवर तिथल्या शेतीखात्याची बंधनं आहेत, ते जप्त होण्याचा धोका असतो. चकली, शेव, बेदाणे पाठवा. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीला दोन्ही देशांच्या सुट्ट्या लागू. व्हिसाच्या कामाने रात्रीची गाडी धरण्याआधी दोन्ही याद्या तपासा. गूगल हे जोडून दाखवत नाही.

४ जुलैची आतषबाजी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर बघायची असेल तर ५ तारखेच्या सकाळी साडेसहाला फोन हातात धरा. तिकडे रात्रीचे नऊ वाजून अंधार पडलेला असतो. २०२६ ला १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची २५० वर्षं भरतात, तेव्हा दारूकाम नेहमीपेक्षा जंगी. कॅलेंडरच्या पट्टीवर विसंबून ४ तारखेच्या सकाळी फोन केलात तर लेक म्हणेल, ‘अगं आई, इथे अजून तीनच तारीख आहे.’

इतर पर्याय? अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्याचं संकेतस्थळ पुढच्या काही वर्षांच्या फेडरल सुट्ट्या देतं; यादी अचूक, पण फोनवर वाजत नाही. फेडरल रिझर्व्हची यादी पैशांसाठी त्याहून कामाची, शनिवारचा खुलासा तळटीपेत तिथेच मिळतो. छापील डायऱ्यांच्या मागच्या पानावरच्या याद्यांवर विसंबू नये. गूगलचं कॅलेंडर रोजच्या नजरेसाठी, फेडची यादी वर्षातून एकदा पडताळ्यासाठी, अशी जोडी ठेवावी.

पडताळा जानेवारीत, नवीन कालनिर्णय भिंतीवर लावता लावता करावा. ठरलेल्या तारखांच्या पाच सुट्ट्या कुठल्या वारी येतात एवढंच बघायचं. २०२७ मध्ये १९ जून शनिवारी : सरकारी कचेऱ्या आणि शेअर बाजार १८ ला बंद, फेडवायर चालू. ४ जुलै रविवारी : ५ ला सगळेच बंद. २५ डिसेंबर पुन्हा शनिवारी, २४ ला फेडवायर चालू. पण त्या दिवशी बटण दाबायला कोण येणार, हे खरेदीदाराला नोव्हेंबरातच विचारून ठेवा.